काकवी, कडू फुलं आणि विरजण

बरणीचं झाकण उघडलं, चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं आणि जिभेवर ठेवलं. दाट, तांबूस, तार धरणारं. काकवीच ती. उसाऐवजी भाजलेल्या धान्याचा वास येत होता, एवढाच फरक. बाहेर पोर्टलंडचा फेब्रुवारीतला पाऊस रिपरिपत होता, शेगडीवर वीस लिटरचं स्टीलचं पातेलं चढवलं होतं, आणि मला पंचगंगेकाठचं आमचं गुऱ्हाळ आठवलं. चुलवाणात ढकललेली चिपाडं, काहिलीवरची वाफ, आणि कडेला उभं राहून रसाकडे एकटक बघणारे आप्पा. माझे वडील गुळव्या होते. आदण कधी उतरवायचं हे रसाच्या नुसत्या बुडबुड्यांवरून त्यांना कळायचं.

बरणीतला पदार्थ होता माल्टचा अर्क. आयुष्यात पहिल्यांदा मी घरी बिअर करणार होते.

हे मी करते आहे ते अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात, जिथे कायद्याने त्याला मुभा आहे. ही गोष्ट आधीच सांगते, कारण महाराष्ट्रात तशी मुभा नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरात मद्य तयार करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि प्यायलासुद्धा परवाना लागतो. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या वाचकाने हे वाचून घरात पातेलं चढवू नये. पण पेल्यातला पदार्थ होतो कसा, हे समजून घ्यायला कसलाच परवाना लागत नाही. मला तरी ते समजून घ्यायचंच होतं.

अमेरिकेतही ही मुभा फार जुनी नाही. १९२० मध्ये तिथे देशभर दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये उठली. त्यानंतर घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बिअर मात्र राहून गेली. पंचेचाळीस वर्षं लोक चोरून बिअर करत राहिले. कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी दुरुस्ती सुचवली, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी त्या कायद्यावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन. विकायची नाही. दारू गाळायला त्या कायद्याने परवानगी दिली नाही, फक्त बिअर आंबवायला दिली. शेवटची दोन राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा, तर २०१३ साली राजी झाली. आज अमेरिकेत गावोगावी ज्या छोट्या बिअरशाळा दिसतात, त्यांतल्या कितीतरी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सुरू झाल्या. सिएरा नेवाडा ही आता मोठी झालेली कंपनी काढणारे केन ग्रॉसमन आधी चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवत होते.

मला या वाटेला लावलं आमच्या शेजारच्या आजोबांनी. निवृत्त विज्ञान शिक्षक. तीस वर्षं ते तळघरात बिअर करताहेत. एका संध्याकाळी त्यांनी पेला हातात दिला आणि म्हणाले, हे दही लावण्याइतकंच सोपं आहे आणि तितकंच नाजूक. दही म्हटल्यावर माझा संकोच निम्मा गेला. उरलेला निम्मा आप्पांचा होता. आप्पा माळकरी. आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा आवाज खाली घेऊन उच्चारला जायचा, आणि घरी केलेली दारू म्हणजे हातभट्टी.

ती भीती खरी आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती सगळी गरीब वस्तीतली. पण तिथे माणसं मारली ती मिथेनॉलने. ते उद्योगात वापरलं जाणारं रसायन आहे, आणि असल्या दारूत ते पैशाच्या लोभाने मिसळलं जातं. बिअर गाळत नाहीत. तिच्यात मिथेनॉल असलंच तर नगण्य असतं, आणि ते एका जागी गोळा करणारी भट्टीच इथे नसते. शिवाय रस तासभर उकळलेला असतो, नंतर त्यात आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा येतो, आणि या तिन्हींपुढे रोगजंतू टिकत नाहीत. घरची बिअर बिघडली तर बेचव होते, आंबट होते, ओतून द्यावी लागते. हे नीट समजल्याशिवाय मी पातेल्याला हात लावणार नव्हते.

तर माल्ट. जव, ज्याला आपण सातूही म्हणतो, पाण्यात भिजवतात, त्याला मोड येऊ देतात, आणि मोड फार लांबायच्या आत गरम हवेवर वाळवून वाढ थांबवतात. लहान बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपल्या घरातल्या बायका हेच करतात. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात आणि ती पिठूळ स्टार्चची साखर करू शकतात. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोड लागू लागतो, तिथे लाळेतलं विकर हेच काम करत असतं. भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की पाणी गोड होतं. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. कारखान्यात वर्ट आटवला की माझ्या बरणीतली काकवी होते. मुरलेले लोक धान्यापासून सुरुवात करतात. नवख्याने अर्क वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पहिल्या खेपेला शिकायच्या गोष्टी वेगळ्याच असतात.

त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे स्वच्छता, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. उकळ संपेपर्यंत काळजी नसते, जाळ सगळं निभावून नेतो. रस गार झाल्यानंतर मात्र त्याला जे जे लागेल, म्हणजे बादली, नळी, झाकण, पळी, थर्मामीटर, माझे हात, ते सगळं आधी घासून धुतलेलं आणि मग निर्जंतुक केलेलं हवं. या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. खरवडीवर औषध ओतून उपयोग नसतो. मी आम्लाचं द्रावण वापरलं. ते नेमून दिलेल्या प्रमाणात केलं तर नंतर धुवावं लागत नाही, दोन मिनिटं ओलं राहिलं की पुरतं. वर फेस राहतो आणि तो तसाच राहू द्यायचा. मला ते जमेना. हात सारखा नळाकडे जायचा. आजोबांनी दोनदा थांबवलं: नळाचं पाणी लावलंस की केलेलं काम पुसलं गेलं.

पाण्याचंही एक आहे. पोर्टलंडचं पाणी बुल रन नावाच्या राखीव जंगलातून येतं. ते इतकं मृदू असतं की किटलीत खार जमत नाही, आणि बिअरला ते फार मानवतं. पण शुद्धीकरणासाठी त्यात क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं क्लोरामाइन असतं. ते उकळूनही सहज जात नाही, आणि पुढे बिअरला दवाखान्याचा वास देऊ शकतं. त्यावर कॅम्पडेनची गोळी असते. एक गोळी पंचाहत्तर लिटरला पुरते, मी पाव गोळी चुरून टाकली.

शनिवारी दुपारी सुरुवात केली. अकरा-बारा लिटर पाणी, त्यात मलमलीच्या पिशवीत साडेचारशे ग्रॅम भाजकं क्रिस्टल माल्ट, अर्धा तास, चहाच्या पुडीसारखं. पाण्याला तांब्याचा रंग आला. पिशवी निथळून काढली, गॅस बंद केला आणि तीन किलो अर्क ओतून ढवळत राहिले. गॅस बंद करायला विसरू नये. अर्क जड असतो, तो तळाला बसून करपतो, आणि करपलेली चव शेवटपर्यंत जात नाही.

मग उकळी. पहिली उकळी फुटताना रसातली प्रथिनं गोठून फेसाचा जाड थर वर येतो. मी हॉप्सचं पाकीट कापायला पाठ वळवली, तेवढ्यात फेस काठावरून खाली शेगडीवर. गोड रस जळल्याचा वास घरभर. नेमका त्याच वेळी आप्पांचा फोन. आमची शनिवारची संध्याकाळ म्हणजे गावाकडे रविवारची सकाळ, आणि हरिपाठ झाला की ते फोन करतात.

"काय उतू गेलं गं?" भांडं आपटल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता.

आता खोटं काय बोलायचं? सांगितलं. "आप्पा, जवाचा रस उकळतेय. बिअर करायचीय."

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन ठेवला.

"मळी काढलीस का?"

"अं?"

"वर मळी आली आसंल. ती काढ. आणि जाळ कमी कर, मोठ्या जाळानं उतू जातंय." थोडं थांबून म्हणाले, "मी काय घ्यायचा न्हाई. पर रस आपला नीट उकळावा."

मी जाळ कमी केला. मग त्यांनी विचारलं, यात भेंडी घालतात का? आमच्याकडे रानभेंडीचं झाड कुटून त्याचं बुळबुळीत पाणी काहिलीत ओततात. त्याला गाळ चिकटून वर येतो, मळी निघते आणि गूळ स्वच्छ पिवळा होतो. मी हातातलं पाकीट पाहिलं. आयरिश मॉस, समुद्रातलं लाल शेवाळ, वाळवून चुरलेलं. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत चमचाभर घालायचं, म्हणजे प्रथिनांचे पुंजके होऊन तळाला बसतात आणि बिअर नितळ होते. "भेंडीच म्हणायची की," आप्पा म्हणाले. फोन ठेवेपर्यंत बिअर हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. मलाही त्याची गरज वाटली नाही.

उकळी साठ मिनिटं. सुरुवातीला अठ्ठावीस ग्रॅम हॉप्स, शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी तेवढेच, आणि गॅस बंद करताना तेवढेच. तिन्ही वेळा फूल एकच, काम निराळं. हॉप्स ही वेल आहे, भांगेच्या कुळातली. तिच्या मादी फुलांच्या पाकळ्यांत पिवळी चिकट भुकटी असते. त्यातली आम्लं बराच वेळ उकळली की त्यांचं रूप बदलून कडवटपणा येतो. सुगंधी तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठी लवकर आणि वासासाठी उशिरा. आमटीत आमसूल आधी पडतं आणि कोथिंबीर शेवटी, त्यातलीच गोष्ट. मी कॅस्केड वापरले. ही जात इथून दीड तासावरच्या कॉर्व्हॅलिस गावी अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी तयार केली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांना दिली. हातावर चोळून वास घेतला तर पपनस सोलल्यासारखं वाटतं. आपल्या देशात हॉप्स हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होतात, कारण या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात.

उकळलेला रस लवकर गार करावा लागतो. कोमट रस म्हणजे सगळ्या जंतूंना उघडं निमंत्रण. पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवलं, बादलीत गार पाणी घालून एकूण एकोणीस लिटर केलं, तापमान वीस अंशांवर आलं. झाकण लावून बादली पाच मिनिटं हलवली, कारण यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. त्यानंतर बाटलीत भरेपर्यंत हवा शत्रू. मग साडेअकरा ग्रॅमची कोरड्या यीस्टची पुडी वरून भुरभुरली, झाकण लावलं, त्यात पाणी भरलेला हवारोधक बसवला. आतला वायू बाहेर पडावा, बाहेरची हवा आत येऊ नये, एवढंच त्याचं काम.

त्या क्षणापर्यंत मी बिअर केलेली नव्हती. कडू काढा केला होता. बिअर करणारे आता बादलीत उतरले होते.

माणसाने हजारो वर्षं बिअर प्यायली, पण ती कोण करतं हे त्याला ठाऊक नव्हतं. बव्हेरियात १५१६ साली जो प्रसिद्ध नियम निघाला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढेच तीन जिन्नस सांगितले आहेत. यीस्टचं नावही नाही. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरचा ग्रंथ छापला आणि आंबवणं हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे, बिअर बिघडते तीही परक्या सूक्ष्मजीवांमुळे, हे दाखवून दिलं. त्यानंतर कोपनहेगनमध्ये, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत, एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ साली यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं. या कार्ल्सबर्गचे मालक जे. सी. जेकबसन यांनी पूर्वी, १८४५ मध्ये, म्युनिकहून यीस्ट आणलं होतं. घोडागाडीच्या त्या लांबच्या प्रवासात मुक्कामामुक्कामाला डब्यावर गार पाणी ओतून त्यांनी ते जिवंत ठेवलं, असं सांगतात. आणि हॅन्सनचं शुद्ध वाण हाती आल्यावर त्यांनी ते कुलपात ठेवलं नाही, इतर बिअरवाल्यांनाही दिलं. एवढा मोठा व्यापारी, पण विरजण कुणाला नाकारायचं नसतं हे त्याला कळत होतं. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

रात्री काही घडलं नाही. सकाळी हवारोधकात पहिला बुडबुडा आला, दुपारपर्यंत सेकंदाला एक. बादली मी कपड्यांच्या कपाटात ठेवली होती, तिथे अठरा अंश असतात. यीस्ट कामाला लागलं की स्वतःच्या उष्णतेने आतलं तापमान दोन-चार अंश वाढतं. फार वाढलं तर रंगाच्या थिनरसारखा वास देणारी जड अल्कोहोलं तयार होतात, म्हणून खोली थोडी गारच बरी. दुसऱ्या रात्री फेस हवारोधकात शिरून तो तुंबला. आत दाब वाढत होता, झाकण फुगलं होतं. घाबरले. आजोबांना फोन केला. त्यांनी जाड नळी आणून दिली, तिचं एक टोक झाकणात, दुसरं पाण्याच्या भांड्यात. पहाटेपर्यंत त्या भांड्यात तपकिरी फेस साचत राहिला. ताज्या पावासारखा वास येत होता. मी कपाटाशेजारी जमिनीवर बसून तो आवाज ऐकत राहिले. माझी आजी इडलीचं पीठ फुगलं की त्याला हात जोडायची, त्याची आठवण आली.

बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नये. खरं उत्तर देते ती काचेची एक तरंगकांडी, हायड्रोमीटर. साखर जास्त असेल तितकी ती वर तरंगते. पहिल्या दिवशी तिने १.०५० दाखवलं होतं, सातव्या दिवशी १.०२२, बाराव्या दिवशी १.०१२. चौदाव्या दिवशीही १.०१२. म्हणजे यीस्टचं खाणं संपलं. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. माझी पाच टक्क्यांच्या आसपास आली. साखर शिल्लक असताना बाटलीत भरलं तर यीस्ट आतच खात राहतं, वायूला वाट मिळत नाही आणि काच फुटते. डोळे जातील अशी ती फुटते. म्हणून दोन दिवसांच्या अंतराने दोन सारखे आकडे मिळेपर्यंत घाई करायची नाही, घरात पाहुणे येणार असले तरी.

बाटलीत भरताना एकशे दहा ग्रॅम साखर पाण्यात उकळून मिसळतात. एवढ्या मोजक्या साखरेवर उरलेलं यीस्ट बाटलीत थोडा वायू तयार करतं, आणि बिअरला फेस येतो तो त्याचाच. अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या. सगळ्या तपकिरी, कारण उजेडाने हॉप्समधली द्रव्यं मोडतात आणि कुबट वास येतो. पांढऱ्या आणि हिरव्या काचेतून तो उजेड सहज जातो. बादलीच्या तळाशी दुधी रंगाचा बोटभर साका राहिला होता. मी तो उकळून घेतलेल्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला. ओतून द्यायला हात धजला नाही.

एका आठवड्याने पहिली बाटली उघडली. सपक, फेस नाहीसाच, आणि कच्च्या सफरचंदाचा वास. तो वास यीस्टने काम अर्धवट टाकल्याची खूण असतो. थांबलं तर बहुतेक वेळा ते यीस्टच आवरून घेतं. मी बाटल्या परत कपाटात लावल्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दुसरी उघडली. झाकणाखाली छोटा फुसकार, पेल्यात दोन बोटं पांढरा फेस, रंग नव्या गुळाचा. आधी पपनसाचा वास, मग भाजक्या धान्याचा गोडवा, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मागे कडू रेघ. विकतच्या चांगल्या बिअरपेक्षा ती सरस होती असं मी म्हणणार नाही. पण त्या घोटातली प्रत्येक चव कुठून आली हे मला माहीत होतं. कडू कुठल्या मिनिटाला पडलं, गोड कुठल्या दाण्याचं, आणि उरलेलं सगळं कुणी केलं.

शनिवारी आप्पांनी विचारलं, "नितळ झाला का रस?"

"झाला, आप्पा. भेंडी घातली होती."

"मग झालं तर."

त्याच संध्याकाळी शेजारचे आजोबा आले. त्यांच्या यीस्टला या खेपेला काही दम राहिला नव्हता, पातेलं निवत होतं आणि दुकान बंद झालं होतं. हातात झाकणाची काचेची बरणी होती, आतून अजून ओली. मी फ्रिज उघडला, साका ढवळला आणि निम्मा त्यांच्या बरणीत ओतला.

"उरलेलं जपून ठेव," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात कदाचित मीच परत मागायला येईन."

मी झाकण सैल लावलं, म्हणजे त्याला श्वास घेता येईल, आणि बरणी दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली.